एका पुनवेची तीन नावं



डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की तो मधुमेहावर बोलणार, असं श्रोते धरून चालतात. दोन-तीन जणांनी तर रिपोर्टही सोबत आणलेत, मला दिसतंय. ते कार्यक्रम झाल्यावर बघू. आज मी माझ्या व्यसनाबद्दल बोलणार आहे. गेली पंधरा-सोळा वर्षं मी थंडीतल्या पौर्णिमेच्या चंद्राचे फोटो काढतो. दवाखाना बंद केला की गच्चीवर, आणि जमेल तेव्हा गाडी काढून बेळगावच्या पूर्वेला, मैदानी मुलखात.

विषय सुचला तो नातवामुळे. माझी मुलगी अमेरिकेत असते. एका जानेवारीत तिच्या मुलाचा निरोप आला, "आजोबा, आज वुल्फ मून आहे. तुमच्याकडून फोटो पाठवा." मी फोटो पाठवला. मग चार दिवस आपल्याकडच्या मराठी वर्तमानपत्रांतही तेच वाचलं: जानेवारीतला वुल्फ मून, फेब्रुवारीतला स्नो मून, डिसेंबरातला कोल्ड मून. ही नावं उत्तर अमेरिकेतली, तिथल्या आदिवासींची आणि गोऱ्या वसाहतवाल्यांची, सरमिसळ झालेली. विसाव्या शतकात तिथल्या शेतकरी पंचांगांनी ती छापून पसरवली. त्यांच्या मुलखात ती खरी आहेत. लांडग्याबद्दलही माझी तक्रार नाही. लांडगा आपल्याही जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे, हे कुठल्याही धनगराला विचारा. पण बेळगावात स्नो मून? इथं फेब्रुवारीत दुपारी पंखा लागतो.

नातवाला मी उलट विचारायला हवं होतं, आपल्या घरी या पुनवेला काय म्हणतात माहीत आहे का? विचारलं नाही, कारण मलाच आठवेना. शाकंभरी पौर्णिमा हे कॅलेंडरातलं नाव आठवलं. घरातलं आठवलं नाही. ते दोन दिवसांनी आंघोळ करताना अचानक तोंडात आलं. आज्जी म्हणायची, बनद हुण्णिवी.

आमची आज्जी कन्नडमध्ये रागवायची आणि मराठीत लाड करायची. आपल्यापैकी बऱ्याच घरांत, विशेषतः आम्हा जैनांच्या आणि लिंगायतांच्या घरांत, हे असंच होतं. मराठी संस्थेच्या व्यासपीठावरून मी कन्नड नावं सांगतोय हे कुणाला खटकलं तर खटकू दे. त्या बाईला ती कन्नड आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती पुनवांची नावं होती, बस्स. बारा महिन्यांची बारा. ज्येष्ठातली कार हुण्णिवी, म्हणजे आपण जिला कर्नाटकी बेंदूर म्हणतो ती, बैलांची. श्रावणातली नूल हुण्णिवी, सुताची, राखीची. आश्विनातली शीगी. आणि थंडीतल्या चार: कार्तिकात गौरी, मार्गशीर्षात होस्तिल, पौषात बनद, माघात भारत.

आता बनद म्हणजे वनातली, बनातली. बदामीजवळची बनशंकरी ती हीच, आणि तिचंच दुसरं नाव शाकंभरी. पौष पौर्णिमेला तिची मोठी जत्रा सुरू होते. आधी भाज्यांचा सण असतो, देवीला १०८ प्रकारच्या भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. ऐन थंडीत रानात काय काय पिकलंय त्याची ती हजेरीच म्हणा. वांगी, पावटा, घेवडा, मेथी यांचे हे दिवस. म्हणजे नाव कुणी कवीने ठेवलेलं नाही, पुनवेला परड्यात काय आहे ते बघून ठेवलेलं आहे. कॅलेंडरातलं संस्कृत नाव आणि आज्जीचं नाव एकाच देवीचं निघालं, याचा मला फार आनंद झाला. तो आनंद पुढे फार टिकला नाही. त्याबद्दल सांगणारच आहे, पण आधी फोटोंबद्दल बोलतो, कारण तिथूनच घोटाळा सुरू झाला.

तुमच्यापैकी प्रत्येकाने मोबाइलवर चंद्राचा फोटो काढला असेल आणि तो पिठाच्या गोळ्यासारखा आला असेल. चूक फोनची नाही. फोन समजतो की रात्र आहे, म्हणून तो भरपूर उजेड आत घेतो. पण चंद्रावर रात्र नाही. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर दुपारच्या उन्हात पडलेला दगड. तोही पांढरा नव्हे, जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट. म्हणून त्याचा फोटो दुपारच्या उन्हातल्या वस्तूसारखा काढायचा: आयएसओ १००, छिद्र एफ ११, वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग. फोन असेल तर पडद्यावर चंद्रावर बोट ठेवा आणि उजेड खाली ओढा. ससा लगेच दिसतो. हल्ली काही फोन आतल्या आतच चंद्राचे डाग काढून देतात असं ऐकतो. तो फोटो कुणाचा म्हणायचा हे तुम्ही ठरवा.

चंद्र आपल्याला वाटतो त्याहून फार लहान असतो. हात लांब करून करंगळी धरा, तिच्या नखाच्या अर्ध्या रुंदीत तो मावतो. अर्धा अंश. कॅमेऱ्यात तो केवढा येणार याचा हिशेब सोपा आहे: भिंगाच्या मिलिमीटरला ११०ने भागा. ३०० मिलिमीटरच्या भिंगातून सेन्सरवर पावणेतीन मिलिमीटरचा चंद्र पडतो, साबुदाण्याच्या दाण्याएवढा. क्षितिजावर तो परातीएवढा दिसतो तो आपल्या मेंदूचा खेळ. कॅमेरा त्या खेळात सामील होत नाही, म्हणून पहिल्या फोटोनंतर सगळेच खट्टू होतात. शिवाय तो थांबत नाही. स्वतःच्या रुंदीएवढं अंतर दोन मिनिटांत सरकतो.

पण थंडीतलाच का? त्याचं कारण बेळगावकरांनी एकदा उभं राहून अनुभवावं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून चंद्र उत्तरेला. ज्येष्ठात सूर्य ज्या खिडकीतून घरात येतो, त्या खिडकीतून मार्गशीर्ष-पौषातला पूर्ण चंद्र येतो. आपलं गाव सुमारे १६ अक्षांशावर. त्यामुळे मध्यरात्री हा चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो, इतका की थोडा पलीकडे, उत्तरेलाच जातो. सावली पायांशी गोळा होते. आणि ससा? उगवताना जो पाहाल तो पहाटे मावळताना जवळजवळ पालथा झालेला असतो.

दरवर्षी तो एकाच जागी उगवत नाही, हे मला गच्चीनेच शिकवलं. २०१५च्या नाताळच्या संध्याकाळी आणि २०२४च्या १५ डिसेंबरला मी त्याच कठड्यावर कॅमेरा टेकवून मार्गशीर्षाचा चंद्र उगवताना टिपला. दोन फोटो शेजारी ठेवले तेव्हा वाटलं, मी कठडा चुकलो. चंद्र दहा अंश डावीकडे सरकला होता. हात लांब करून धरलेल्या मुठीएवढं अंतर, वीस चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. पृथ्वीभोवतीची त्याची वाट जराशी कललेली आहे आणि तो कल साडेअठरा वर्षांत एक फेरी पुरी करतो, म्हणून हे होतं. २०१५ हे आखूड टोक, २०२४-२५ हे लांब टोक. आखूड टोक पुन्हा २०३४च्या आसपास येईल. मी असलो तर कठडा तोच ठेवणार आहे.

एक गंमत आमच्या लोकांसाठी. ऐन पौर्णिमेचा चंद्र फोटोला सपाट येतो, कारण ऊन सरळ समोरून पडतं, सावल्याच नसतात. खड्डे बघायचे तर अष्टमी. आणि उगवता चंद्र खालच्या उजेडातल्या घरादारांसकट टिपायचा तर चतुर्दशी. त्या दिवशी तो सूर्य मावळायच्या आधीच वर येतो, दोघांचा उजेड जुळतो. अष्टमी आणि चतुर्दशी हे जैनांचे पर्वदिवस, उपवासाचे. घरी जेवायला हाक मारायला कुणी नसतं. इतर दिवशीही आम्ही दिवस असतानाच जेवतो, म्हणजे चंद्र उगवतो तेव्हा माझे हात मोकळे. या छंदासाठी याहून सोयीचा धर्म नाही.

हे चतुर्दशीचं शहाणपण मला उशिरा आलं. २०१५च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या रात्री, मी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर होतो, तेव्हा ते नव्हतं.

बेळगावहून ऐंशी-नव्वद किलोमीटर. मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा तुम्हाला ठाऊक आहे. कोल्हापूरपासून रायचूरपर्यंतची माणसं, बैलगाड्या, ट्रॅक्टर, भंडारा, डोक्यावर जग घेतलेल्या जोगतिणी. रात्री आठच्या सुमारास, चंद्र बराच वर आल्यावर, मी तिकाटणं लावलं. आता अडचण अशी की सूर्य हा पूर्ण चंद्रापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी. चंद्र उन्हात आहे आणि त्याच्या चांदण्यात बसलेली माणसं त्याहून एवढ्या पटीने अंधारात. चंद्र नीट यायचा तर माणसं काळी पडतात. माणसं दिसायची तर चंद्राचा पुन्हा पिठाचा गोळा. मी चंद्र निवडला. फोटो उत्तम आला, काळ्या कागदावर चकचकीत वर्तुळ. सकाळी परतताना पायाखाली हिरव्या काचेचे तुकडे करकरत होते. ते मी टिपले नाहीत.

तो फोटो मोठा करून, चौकट लावून दवाखान्यात बाकासमोर लावला. खाली झोकदार अक्षरांत लिहवून घेतलं: रांडाव पुनव, सौंदत्ती.

कारण तोवर मी पुनवांच्या नावांचा शोध घेत होतो, आणि या एका पुनवेला तीन नावं सापडली होती. दत्तजयंती म्हणून ती आपल्या सर्वांची. होस्तिल हुण्णिवी म्हणजे उंबऱ्याची पुनव, त्या दिवशी घराचा उंबरा पुजायचा. आणि तिसरं हे. जमदग्नी मारला गेला, रेणुका विधवा झाली, ती ही रात्र. देवीच्या बांगड्या उतरवायच्या, आणि तिला सोडलेल्या बायकांनी आपल्या फोडायच्या. कन्नडातही नाव तसंच उघडंवाघडं आहे. मला वाटलं, काय अस्सल लोकनाव सापडलं! वुल्फ मूनला याच्यापुढे कोण विचारतो?

माझ्याकडे बरीच वर्षं औषधाला येणाऱ्या एक शिक्षिका होत्या. मायग्रेन. पती लवकर गेलेले. आठ-दहा दिवसांनी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, फोटो छान आहे. खालचा शब्द तेवढा काढा. नंबर येईपर्यंत इथं बसून तो वाचावा लागतो."

मी काय करावं? मी त्यांना समजावून सांगितलं. लोकपरंपरा, अस्सल शब्द, जतन, वगैरे. चांगली दहा मिनिटं. त्यांनी ऐकून घेतलं, पुड्या घेतल्या आणि गेल्या. त्यानंतर औषधाला मुलगा येऊ लागला. आधी मला काही वाटलं नाही, परीक्षा-बिरीक्षा असतील. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मुलगाच. चाळीसेक वर्षांची प्रॅक्टिस. आम्हा होमिओपॅथीवाल्यांना शिकवतात काय, तर रोगी बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. आणि मी त्या बाईंचं एक वाक्य ऐकून दहा मिनिटं बोललो होतो.

शब्द काढायचा म्हटलं तरी हात धजत नव्हता. खरं सांगायचं तर लाज वाटण्याआधी राग आला होता. तेवढ्यात दुसरी एक पेशंट आली. म्हातारी, गुडघ्यांनी जेर झालेली, गळ्यात कवड्या. गाव सांगत नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कंपाउंडरला विचारलं, त्यानं अडखळत वाचून दाखवलं. आत येऊन बसली ती गुडघ्याचं बोललीच नाही.

"ह्यो मार्गशीर्षातला चांद, न्हवं? मग माघातला कुठं हाय?"

मी म्हटलं, एवढाच काढला.

"म्हंजे अर्धीच गोष्ट भिंतीला लावलायसा की ओ. माघाच्या पुनवंला जमदग्नी उठतोय, आईच्या हातात परत हिरवा चुडा येतोय. फोडल्याल्या बांगड्या बघायला सगळी येत्यात. भरल्याल्या बघायला कोण येत न्हाई."

मग तिने स्वतःबद्दल चार वाक्यं सांगितली. लहानपणी देवीला सोडलं ते, कायदा व्हायच्या पुष्कळ आधी. तो कायदा १९८२चा. ती वाक्यं ज्या खोलीत बोलली गेली त्या खोलीतच राहतील. एवढंच सांगतो, की तो शब्द तिलाही लहानपणापासून ऐकवला गेला होता आणि पुनवेला नव्हे. तरीही तिने शब्द काढा म्हटलं नाही. दुसरा फोटो आणा म्हटलं.

म्हणजे माझ्यापुढे दोन बायका, आणि दोघींचं म्हणणं वेगळं. एकीला नाव नको, दुसरीला नाव अर्धं नको. ज्यांची ती नावं आहेत त्यांना विचारल्याशिवाय मी ते उचलून भिंतीला लावलं होतं, हे मात्र दोघींनी वेगवेगळ्या तोंडांनी एकच सांगितलं होतं. बनद हुण्णिवीला कुणाला विचारावं लागलं नसतं, ते आज्जीचं होतं. हे माझं नव्हतं. आणि ज्यांचं होतं त्या बायका माझ्या फोटोत काळ्या पडलेल्या भागात होत्या.

माघी पौर्णिमा २०१६ साली २२ फेब्रुवारीला होती. दवाखाना बंद ठेवून पुन्हा सौंदत्तीला गेलो. पेशंटची बोलणी खाल्ली. भारत हुण्णिवी म्हणतात ती हीच, आणि बायकांच्या बोलीत सवाशिणीची, अहेव पुनव. डोंगरावर बांगडीवाल्यांपुढे हिरव्या काचेचे ढीग होते, आणि पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत बायका हात पुढे करून बसलेल्या. बांगडीवाला हात दाबून दाबून मऊ करतो आणि मग एकदम चुडा चढवतो ते पाहत मी बराच वेळ उभा राहिलो. फोटो काढू का, असं एकीला विचारलं. ती नको म्हणाली. काढला नाही. चंद्राचा काढला, पहिल्यासारखाच: तेच भिंग, तेच छिद्र, तोच वेग. दोन पुनवांमध्ये एकोणसाठ दिवस.

जाता जाता एक सांगतो, कारण प्रश्न येणारच. पौर्णिमेला रोग वाढतात का? आमच्या रेपर्टरीत तसं सदर आहे, आणि त्याखाली कॅल्केरिया, सिलिशिया वगैरे औषधंही दिली आहेत. माझ्या केसपेपरांत मात्र तसं मला दिसलेलं नाही. थंडीत गच्चीवर रात्रभर उभं राहिलं की डॉक्टरला खोकला होतो, एवढं नक्की दिसलं आहे.

आता दोन्ही फोटो बाकासमोर शेजारी शेजारी आहेत. खालची पट्टी काढून टाकली. प्रत्येकाच्या मागे पुठ्ठ्यावर तिथी, जागा आणि नावं लिहिली आहेत. तिन्ही नावं, जसंच्या तसं तिसरंही, कारण ते खोडायचा अधिकारही मला नाही. विचारेल त्याला सांगतो. पुष्कळ जण विचारतात. जोगतीण पुढे वर्षभर येत होती. दुसरा फोटो लावल्यावर तिने फक्त मान हलवली आणि गुडघ्याचं बोलायला लागली.

नातवाला मी बारा नावं लिहून पाठवली. त्याला कार हुण्णिवी सगळ्यांत आवडली, बैलांमुळे. मार्गशीर्षापुढे मी त्याच्यासाठी उंबऱ्याची पुनव एवढंच लिहिलं. तो मोठा झाला की उरलेलं सांगेन. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची कुणी आज्जी, आत्या असेल तर तिला पुनवांची नावं विचारा आणि कुठल्या भाषेत सांगते त्याची काळजी करू नका. मला पत्राने कळवलीत तर मी वहीत उतरवून घेईन. कार्तिकातल्या गौरी हुण्णिवीला घरात नेमकं काय करत, याबद्दल माझ्याकडे आज्जीचं एकही वाक्य नाही.

त्या शिक्षिका गेल्या वर्षी पुन्हा आल्या. निवृत्त झाल्या आहेत, डोकं बरंच बरं आहे, आता गुडघे. नंबर यायला वेळ होता. आत आल्यावर म्हणाल्या, "दोन झालेत की. यातली ती कुठली?"

मी भिंतीकडे पाहिलं. दोन काळे कागद, दोन वर्तुळं, दोन्हींत तोच ससा. साफसफाईला चौकटी उतरवल्या होत्या, परत लावताना जागा बदलल्या की नाहीत कोण जाणे. मला सांगता येईना. उठलो, एक चौकट खिळ्यावरून काढली, आणि पालथी करून त्यांच्या हातात दिली.